मुठेवरची चिलटं नेमकी कोणती? डीएनए बारकोडने कळेल का?

मुठाकाठ (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठा नदीवर किड्यांचे उंचच उंच खांब उभे राहिले होते. ते व्हिडिओ बहुतेकांनी पाहिले असतील. बातम्यांत 'डासांचं वादळ' म्हणून आले. आम्ही तिथून जवळच राहतो. अजूनही थंडी सरत आली की संध्याकाळी गॅलरीतल्या दिव्याखाली ढीग पडतो आणि सकाळी तो केरसुणीने गोळा करावा लागतो. पण त्या ढिगातलं कुणी चावत नाही. चावणारे डास वेगळे, ते आमच्याकडे बारमाही आहेत.

वाचून एवढं समजलं की दिव्याखालची ही मंडळी बहुतेक कायरोनोमिड कुळातली, म्हणजे न चावणारी चिलटं असावीत. पण या कुळात वर्णन झालेल्या जातीच सहा हजारांच्या वर आहेत म्हणे. आमची कोणती? मुलगी बीएस्सीला आहे. ती म्हणते, "बाबा, डीएनए बारकोडिंग करा. एक पाय पाठवला की नाव येतं."

खरंच येतं का? आणि नाव कळल्यावर नदीसाठी त्याचा काही उपयोग आहे का? सोसायटीत फवारणी करा आणि करू नका असे दोन तट पडले आहेत, म्हणून जरा मनापासून विचारतोय.

शेवाळ

आधी ते डास नाहीत ना, हे घरच्या घरी बघून घ्या. साधं भिंग पुरे.

डासाला सुईसारखी लांब सोंड असते, चिलटाला नसते. डासाच्या पंखांवर खवले असतात, याचे पंख साफ. बसलेल्या डासाचे मागचे पाय बहुधा वर उचललेले असतात, चिलट पुढचे लांब पाय उचलून बसतं. आणि ज्यांच्या मिशा पिसांच्या झुपक्यासारख्या दिसतील ते नर. मिशा तशा डासांच्या नरालाही असतात, त्यामुळे फक्त त्यावर जाऊ नका, सोंड बघा.

हवेतले खांब म्हणजे नरांचे थवे. माद्या त्यात शिरतात, जोडी जुळते, मादी पाण्यावर अंडी घालते. प्रौढ किडा फार तर काही दिवस जगतो आणि या काळात जवळजवळ काही खात नाही. खाण्याचं सगळं काम अळीने गाळात बसून आधीच उरकलेलं असतं.

हडपसरकर

शेजारी चावत नसेल तर नाव विचारून चहाला बोलवा हो, फवारणी कशाला!

सूक्ष्मदर्शी

मुठाकाठ, तुमच्या मुलीचं अर्धं बरोबर आहे. मी पाण्यातल्या कीटकांवरच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

बारकोडिंगची कल्पना कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. प्रत्येक प्राण्याच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात) सीओआय नावाचं जनुक असतं. त्याचा साधारण ६५८ अक्षरांचा एक ठरलेला तुकडा वाचायचा. एकाच जातीच्या किड्यांत तो जवळपास सारखा असतो, दोन जातींत बऱ्यापैकी वेगळा. वाचलेला तुकडा बोल्ड नावाच्या जागतिक नोंदसंग्रहात टाकला की सगळ्यात जवळची जुळणी कोणती ते दिसतं.

पाय पुरतो हेही खरं. लहान चिलटाचा अख्खा देहच पाचक द्रावणात रात्रभर ठेवतात. आतलं मांस विरघळून त्यातून डीएनए मिळतो आणि बाहेरचं कवच शाबूत राहतं. ते काचपट्टीवर चढवून कायमचं जपता येतं. ही पद्धत मला फार आवडते, कारण पुढे शंका आली तर तोच किडा पुन्हा बघता येतो.

आता उरलेलं अर्धं. नाव यायला ते आधी कुणीतरी तिथे नोंदवलेलं असावं लागतं. पोलिसांना बोटाचा ठसा मिळाला, पण नोंदवहीत त्या माणसाचा ठसाच नाही, तर गुन्हेगार सापडेल का? नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठ संग्रहालयात टॉर्ब्यर्न एक्रेम आणि एलिझाबेथ स्टूर यांनी या कुळावर आयुष्य घातलं आहे. २००७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने मिळून हेच दाखवलं: संदर्भसंग्रह भरपूर आणि नीट ओळखलेला असेल तरच बारकोड ओळख पटवतो. संग्रहात नसलेली जाती टाकली, तर जवळचं नातंसुद्धा भरवशाने सांगता येत नाही. भारतातल्या चिलटांचा संग्रह अजून विरळ आहे. त्यामुळे तुम्हाला नावाऐवजी एक क्रमांक मिळण्याची तयारी ठेवा.

कारखानदार

ताई, एक शंका. कीटकशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बघून नाव सांगतातच ना? मग एवढा खटाटोप कशासाठी?

सूक्ष्मदर्शी

@कारखानदार, सांगतात, पण कुणाचं बघून? या कुळाच्या ओळखीच्या किल्ल्या (पायरीपायरीने नाव गाठायचे तक्ते) मुख्यतः प्रौढ नराच्या जननांगांच्या रचनेवर बेतलेल्या आहेत. नदीतून गाळ उपसला की हाती येतात अळ्या, आणि अळीवरून बहुतेक वेळा प्रजातीपर्यंतच (इंग्रजीत जीनस), म्हणजे आडनावापर्यंतच पोचता येतं. माद्यांचं तर आणखी अवघड, कितीतरी जातींच्या माद्यांचं वर्णनच झालेलं नाही. जुना उपाय म्हणजे एकेक अळी वेगळ्या बाटलीत वाढवायची, तिची कात, कोषाची कात आणि शेवटी बाहेर आलेला नर असे तिन्ही अवशेष एकत्र जपायचे. फार सुंदर काम आहे. पण निम्म्या अळ्या मध्येच मरतात.

बारकोडने अळी, कोष, मादी आणि नर हे सगळे एका सुतात बांधता येतात, कारण चौघांत तो तुकडा एकच असतो. एक्रेम, स्टूर आणि हेबर्ट यांच्या २०१० च्या निबंधाचा गाभाच हा, की माद्यांनाही मोजा. तोवर नमुन्यातल्या माद्या बाजूलाच टाकल्या जात. माद्या धरल्या की जातींची यादी लांबते.

गोगलगाय

मी प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. वरचं सगळं मान्य करूनही काही सांगावंसं वाटतं.

डीएनए वाचण्याच्या कितीतरी आधीपासून कायरोनोमस ही प्रजाती जातिभेद शिकवणारी प्रयोगशाळा होती. १८८१ मध्ये बाल्बियानी या शास्त्रज्ञांनी याच अळीच्या लाळग्रंथीत महाकाय गुणसूत्रं पाहिली. आमच्या प्रात्यक्षिकात गाळातली लाल अळी आणायची, डोकं हळूच ओढून लाळग्रंथी काढायची, अ‍ॅसिटो-ऑर्सीनने रंगवायची आणि आच्छादकाच नेमकेपणाने दाबायची. मग भिंगाखाली आडव्या पट्ट्यांची गुणसूत्रं उलगडायची. ते पहिल्यांदा दिसल्यावर गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या जाती या पट्ट्यांच्या क्रमावरून वेगळ्या काढल्या गेल्या. कुठला तुकडा उलटा बसला आहे, हे डोळ्यांनी दिसतं.

बारकोड मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे फक्त आईकडून आलेला. दोन जवळच्या जातींत कधीकाळी संकर झाला आणि एकीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत गेला, तर बारकोड दोघींना एकच म्हणेल. गुणसूत्रं म्हणणार नाहीत. म्हणून एका तुकड्यावर जातीचा निवाडा करू नये, असं माझं आग्रहाचं मत आहे. आणि ही कौशल्यं शिकवणारे कमी होत चालले आहेत, याची मला खरी काळजी वाटते.

सूक्ष्मदर्शी

सर, संकराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. शिवाय मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाच्या निकामी प्रती केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात. चुकून त्या वाचल्या गेल्या तर नसलेली जाती दिसू लागते. किती फरक असला की जात वेगळी मानायची, ती सीमारेषाही सगळीकडे एकच नसते. कीटकांत ढोबळमानाने दोन-तीन टक्के फरक धरतात. टॅनिटार्सस या चिलटांच्या मोठ्या प्रजातीचे २७९० बारकोड तपासून २०१५ मध्ये लिन, स्टूर आणि एक्रेम यांनी चार ते पाच टक्क्यांची रेषा सुचवली. दोन टक्क्यांवर अडून बसलं तर तिथे एका जातीचे दोन तुकडे पडतील.

पण सर, तुमचा गुणसूत्रांचा मार्ग फक्त योग्य वयाच्या, जिवंत किंवा नीट जपलेल्या अळीवर चालतो. मादीचं काय? पाण्यावर तरंगणाऱ्या कोषाच्या रिकाम्या कातीचं काय? त्या कातीतूनही आता डीएनए निघतो. हजारो नमुने असतील तेव्हा पहिली वर्गवारी बारकोडनेच करावी, आणि प्रत्येक गटातले काही किडे तुमच्यासारख्यांनी बघावेत. दोन्ही हात हवेत.

गोगलगाय

हे पटलं. फक्त 'पहिली वर्गवारी' हे शब्द ठळक करून ठेवा. बरेच जण तिथेच थांबतात.

बेडोकवासी

सिंगापूरहून. आमच्या बेडोक जलाशयाकाठच्या इमारतींनी हा त्रास पुरेपूर भोगला आहे. भिंती काळ्या व्हायच्या, जेवताना दिवे मालवायला लागायचे. पांदान आणि बेडोक या दोन जलाशयांतल्या त्रासदायक चिलटांवर २०१३ मध्ये खास शोधनिबंध निघाला, म्हणजे आधी कोण आहे ते नीट ठरवलं गेलं.

पण मला मोलाचं वाटतं ते पुढचं काम. नी सून नावाचं दलदलीचं जंगल इथे शिल्लक आहे, जेमतेम ९० हेक्टर. तिथली आणि शेजारच्या तीन जलाशयांतली चिलटं बारकोडने तपासली, आणि २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. १४ हजारांहून जास्त किडे. एवढे हाताने ओळखायला किती माणसं लागली असती! जंगलात २८९ जाती सापडल्या. जलाशय मिळून ४५० हेक्टरांच्या वर, पण तिथे फक्त ३३. आणि दोन्हीकडे सापडणाऱ्या जाती अवघ्या ८.

म्हणजे जलाशयातली चिलटं शेजारच्या जंगलात घुसून त्याचा ताबा घेतील ही भीती खोटी ठरली. जंगल धड असेल तर ते आपलं आपण टिकतं. मी शास्त्रज्ञ नाही, पण हा आकडा वाचल्यापासून नी सूनच्या बाजूने जाताना मला त्या जंगलाबद्दल वेगळाच आदर वाटतो.

शेवाळ

बेडोकवासी, हा प्रतिसाद वाचून जीव सुखावला. २८९ जाती, त्याही फक्त एका कुळाच्या!

मासेवाला_मिलिंद

मत्स्यालयवाल्यांना हे पाहुणे चांगले ठाऊक आहेत. आपण माशांना घालतो ते ब्लडवर्म म्हणजे याच चिलटांच्या अळ्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्यामुळेच तर प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात त्या तग धरतात.

एक कळकळीची सूचना. सुकवलेले ब्लडवर्म हातात चुरू नका. त्यांच्या हिमोग्लोबिनची अ‍ॅलर्जी येते, काहींना दम्यासारखा त्रास होतो. मी चमचा वापरतो. मुठाकाठ, तुम्हीही सकाळचा ढीग कोरडा झाडू नका. आधी पाणी शिंपडा किंवा नाकातोंडावर रुमाल बांधा. सुदानमध्ये नाईलकाठी याच कुळातल्या एका चिलटाच्या थव्यांमुळे दम्याची मोठी साथ अभ्यासली गेली आहे.

सोलापुरी_चादर

अरे बापरे. चावत नाही म्हणून निर्धास्त होतो. आणखी काही रोग पसरवतात का?

सूक्ष्मदर्शी

डासासारखे रोग टोचून देत नाहीत, कारण टोचायला अवयवच नाही. मात्र इस्रायलमधल्या संशोधकांना २००१ मध्ये चिलटांच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांवर कॉलऱ्याचा जिवाणू वाढताना आढळला होता. तो निसर्गात कुठे टिकून राहतो याचा हा एक धागा आहे. त्यावरून दिव्याखालच्या किड्याला घाबरायचं कारण नाही. नदीचं पाणी तोंडात जाऊ देऊ नये, हे आपल्याला तसंही माहीत आहे.

रानवाटा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. याच कुळातली बेल्जिका अंटार्क्टिका ही अंटार्क्टिकावरची सगळ्यात मोठी कायमस्वरूपी जमिनीवर राहणारी प्राणिजाती. लांबी काही मिलिमीटर आणि पंखच नाहीत! आणि आफ्रिकेतल्या खडकांवरच्या डबक्यांत राहणारी पॉलिपेडिलम व्हॅन्डरप्लँकीची अळी. डबकं आटलं की ती स्वतःही पार सुकते आणि पाणी मिळालं की तासाभरात वळवळू लागते. सतरा वर्षं सुकी राहिलेली अळी पुन्हा जिवंत झाल्याची नोंद आहे. आणि आपण यांना केरात टाकतोय.

हडपसरकर

सतरा वर्षं पाण्याची वाट बघणारे आमच्या भागात माणसांतही आहेत.

कवडीपाट_कट्टा

पक्ष्यांच्या बाजूने बोलतो. हिवाळ्यात कवडीपाटला धोबी आणि माळभिंगऱ्या या चिलटांवर तुटून पडतात. सोसायट्यांनी नदीकाठी फवारणी केली तर त्यांचं अन्न जाईल, आणि अळी गाळात असल्याने पुढची पिढी येणारच. उन्हाळ्याच्या ऊबेत काही आठवड्यांत नवा थवा तयार.

मूळ प्रश्नाचं मात्र मला नीट कळलं नाही. जाती कळून नदीला काय फायदा? पाणी घाण आहे हे नाकालाच कळतं.

सूक्ष्मदर्शी

फार चांगला प्रश्न. पाण्यातल्या किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची बीएमडब्ल्यूपी नावाची ब्रिटिश पद्धत आहे. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण. स्वच्छ पाण्यातल्या किड्यांना १०, आणि अख्ख्या कायरोनोमिड कुळाला सरसकट २. हा अन्याय आहे! या कुळात गटाराच्या गाळात फोफावणारे आहेत, तसेच डोंगरातल्या थंड, खळाळत्या ओढ्याशिवाय न जगणारेही आहेत. ओळखणं अवघड, म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरलं. जाती वेगळ्या काढता आल्या तर हेच कुळ नदीबद्दल इतर किड्यांहून जास्त सांगेल, कारण ते उगमापासून मुखापर्यंत सगळीकडे आहे.

नाकाला फक्त वाईट टोक कळतं. नदी सुधारायला लागली की मधल्या पायऱ्या नाकाला कळत नाहीत. सांडपाणी अडवलं, प्रक्रिया सुरू झाली, तर गाळातल्या जाती बदलायला लागतील. तो बदल पकडायला आजची यादी हवी. आज खराडीला कोण आहे आणि वर खडकवासल्याच्या बाजूला कोण आहे, हे नोंदवलं नाही तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार?

कारखानदार

आता उजेड पडला. म्हणजे नाव नाही मिळालं, नुसता क्रमांक मिळाला तरी तुलनेला चालेल?

सूक्ष्मदर्शी

चालेल. बोल्डवर सारख्या बारकोडांच्या गटाला आपोआप क्रमांक मिळतो. वर किती गट, खाली किती, समान किती, हे नावाशिवाय सांगता येतं. सिंगापूरच्या कामातही पहिली मोजणी अशीच झाली. पण त्या जातीची अळी काय खाते, किती प्रदूषण सोसते, हे जुन्या अभ्यासांतून हवं असेल तर नाव लागतंच. ते सगळं ज्ञान नावाखाली साठवलेलं आहे.

गोगलगाय

आणि नावाच्या वाटेत आपल्याकडे एक खास अडचण आहे. भारतातल्या कितीतरी चिलटांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किफर या फ्रेंच धर्मगुरूंनी नावं दिली. वर्णनं अगदी त्रोटक, आणि त्यांचे मूळ नमुने बरेचसे हरवलेले किंवा खराब झालेले. त्यांच्या नावाला आजचा बारकोड जोडायचा कसा? मूळ ठिकाणी जाऊन पुन्हा किडा पकडायचा, वर्णनाशी ताडून बघायचा आणि मग बारकोड करायचा, हाच मार्ग.

आपल्याकडे चांगलं कामही झालं आहे, तेही सांगतो. कायरोनोमस रॅमोसस या जातीचं वर्णन १९९२ मध्ये चौधुरी, दास आणि सब्लेट यांनी केलं. तिच्या अळ्या किरणोत्सर्ग कसा सोसतात यावर आपल्या पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कितीतरी वर्षं संशोधन झालं. म्हणजे मुठेच्या शहरात या किड्याची जाण आधीपासून आहे. मुठाकाठ, मुलीला तिच्या महाविद्यालयातल्या शिक्षकांशी बोलायला सांगा. पदवीच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फवारणीचा विषय सोसायटीत तूर्त थांबवला आहे, कवडीपाट_कट्टा आणि शेवाळ यांचे प्रतिसाद गटावर वाचून दाखवले. दिवे पिवळे करून आणि नदीकडच्या खिडक्यांना बारीक जाळी लावून बघायचं ठरलं.

मुलगी हे सगळं वाचून उत्साहात आहे. तिच्या शिक्षिका तयार आहेत. दिव्याखालचे किडे गोळा करायला कुठून सुरुवात करायची? मी घरी असलेल्या फॉर्मलिनमध्ये ठेवू का?

सूक्ष्मदर्शी

फॉर्मलिन अजिबात नको! डीएनए खराब होतो. ९६ टक्के इथेनॉल महाविद्यालयातून मिळेल. किडे ताजे असतानाच टाका, सकाळच्या ढिगातले वाळलेले नकोत. शक्यतो संध्याकाळी हवेतल्या थव्यातून जाळीने घ्या. तिथे नर मिळतील आणि नाव लागण्याची शक्यता वाढेल. दिव्याखालून माद्याही घ्या. एकाच खांबात एकच जाती असेल असं गृहीत धरू नका, म्हणून प्रत्येक थव्याची बाटली वेगळी. एक-दोन दिवसांनी इथेनॉल बदला, किड्यातलं पाणी उतरून ते पातळ होतं.

अळ्यांसाठी गाळात तुम्ही स्वतः उतरू नका. ते महाविद्यालयाच्या गटाबरोबर, हातमोजे घालून. आणि नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली तर ते २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली येतं, संस्थेमार्फतच करा. देशात तुकडा वाचून घेता येतो, त्यामुळे बहुधा ती वेळ येणार नाही.

गोगलगाय

प्रत्येक बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी हवी: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, कुणी पकडला. पेन्सिलीने लिहा, शाई इथेनॉलमध्ये उतरते. आणि नर काचपट्टीवर चढवायची वेळ आली की मला निरोप द्या. माझा सूक्ष्मदर्शक अजून चांगला आहे आणि मुलीला शिकवायला मला आनंद होईल.